‘तूच लिहून आण, मी सही करतो’

गेल्या जूनमध्ये एका मुलीचा फोन आला. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात तिची भौतिकशास्त्रातली पीएचडी संपत आलेली. माझा नंबर तिला तिच्या खालाच्या ओळखीतून मिळाला होता. सलाम-दुआ झाल्यावर तिने जे विचारलं, ते ऐकून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. "मॅडम, युरोपात पोस्टडॉक लावून देतो म्हणून एक कन्सल्टन्सी ८५ हजार मागतेय. ४० आत्ता, बाकीचे ऑफर लेटर आल्यावर. अब्बा म्हणतात, इतकं केलं तर हेही करू. अम्मीच्या बांगड्या मोडायला निघालेत. देऊ का?"

मी म्हटलं, एक रुपयाही देऊ नकोस.

मग तासभर बोलले. तेच बोलणं इथे लिहून काढावं असं वाटलं, कारण त्यानंतरच्या दोन महिन्यांत असेच आणखी तीन फोन आले. पीएचडी करणारी मुलं-मुली आता आपल्या घरांत दिसू लागली आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात बी.एस्सी. झालेली मुलगी म्हणजे कौतुकाचा विषय होता. पण पीएचडीच्या पुढचा रस्ता कसा असतो, हे सांगणारं माणूस अजून घरात नाही, मोहल्ल्यात नाही आणि बऱ्याचदा विद्यापीठाच्या विभागातही नाही. त्या रिकाम्या जागेत हे एजंट येऊन बसतात.

पोस्टडॉक हे शिक्षण नाही, ती नोकरी आहे. दोन किंवा तीन वर्षांची, कंत्राटी, संशोधनाची. कोणा प्राध्यापकाला एखाद्या प्रकल्पासाठी पैसे मिळालेले असतात, त्यातून तो माणूस नेमतो. किंवा आपण स्वतः एखादी फेलोशिप मिळवतो आणि ती घेऊन त्याच्या प्रयोगशाळेत जातो. प्रवेश परीक्षा नसते, प्रवेश शुल्क नसतं, जीआरई लागत नाही, आयईएलटीएसही बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. निवड करतो तो प्राध्यापक, आणि त्याच्यापर्यंत पोचायला त्याचा ईमेल पुरतो, जो त्याच्या विभागाच्या पानावर उघडा लिहिलेला असतो. एजंट यात करणार काय? तो दोनशे प्राध्यापकांना एकच पत्र पाठवणार. ते काम मी स्वतः फुकटात करून पाहिलं आहे, आणि त्याचं फळही चाखलं आहे.

ही २०१४ची गोष्ट. मी यंत्रमागाच्या गावातली. अब्बा मागावर जॉबर होते, घरात आम्ही चार भावंडं. माझा प्रबंध जूनमध्ये सादर झाला आणि ऑगस्टपासून मी पत्रं पाठवायला लागले. एकूण ६३ पाठवली. सगळी एकाच साच्यातली: रिस्पेक्टेड सर, मी अमुक विद्यापीठातून अमुक विषयात संशोधन केलं आहे, मी कष्टाळू आहे, मला तुमच्या नामांकित संस्थेत काम करायची इच्छा आहे, सोबत बायोडाटा. चार उत्तरं आली. दोन नकार होते. एक आपोआप जाणारं, "मी सुट्टीवर आहे". चौथं जपानमधल्या एका प्राध्यापकाचं, फार सभ्य, एका ओळीचं: तुमचं पत्र बहुधा हॉलंडमधल्या सहकाऱ्यासाठी होतं. मी नाव बदलायचं विसरले होते. अजूनही ते आठवलं की कान गरम होतात.

पुढे माझ्या लक्षात आलं, की चूक ‘रिस्पेक्टेड सर’ या शब्दांत नव्हती. भारतीय भौतिकशास्त्रातलं सगळ्यात प्रसिद्ध अनोळखी पत्रही याच दोन शब्दांनी सुरू होतं. ४ जून १९२४ रोजी ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनला पत्र लिहिलं. ओळख नाही, शिफारस नाही, पीएचडीसुद्धा नाही. सोबत प्लांकच्या नियमाची एक नवी सिद्धता जोडली होती, आणि ती योग्य वाटली तर जर्मन नियतकालिकात छापून आणावी, अशी विनंती. आइन्स्टाइनने स्वतः तिचं जर्मन भाषांतर केलं आणि ती छापून आली. त्याने बोस यांना एक पोस्टकार्ड पाठवलं. त्या कार्डाच्या जोरावर ढाका विद्यापीठाने दोन वर्षांची रजा मंजूर केली आणि जर्मन वकिलातीने फी न घेता व्हिसा दिला. बोस पॅरिसला आणि मग बर्लिनला गेले. पोस्टडॉक हा शब्द तेव्हा आपल्याकडे कोणी ऐकलाही नसेल, पण झालं ते तेच.

प्रत्येकाकडे बोस-सांख्यिकी नसते, हे मला माहीत आहे. पण त्या पत्रात माझ्या ६३ पत्रांत नसलेली एक साधी गोष्ट होती. बोस यांनी आइन्स्टाइनचं काम वाचलं होतं, आणि त्या कामाला लागून असलेली स्वतःची एक गोष्ट पुढे ठेवली होती. मी कोणाचंच काम वाचलं नव्हतं. नामांकित संस्थांची यादी काढली होती, बस.

नंतर मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसले. आमच्या गटाने जाहिरात दिली की अर्ज पहिल्यांदा चाळायचं काम माझ्याकडे यायचं. माणूस काय बघतो? पहिल्या अर्ध्या पानात बघतो, की याने स्वतःच्या हाताने काय केलं. नमुने बनवले, की दुसऱ्याने बनवलेले मोजले? कुठलं उपकरण चालवता येतं, आणि बिघडलं तर उघडता येतं का? आमचा एखादा पेपर याने खरोखर वाचला आहे का? भारतातून येणाऱ्या बऱ्याच अर्जांत आठ-दहा पानांचा बायोडाटा असे, त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, दहावीचे गुण, निबंध स्पर्धेतलं बक्षीस. पीएचडीत काय केलं, ते सातव्या पानावर.

आता विषयाबद्दल जरा बोलते, काहींना झोंबेल. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत भौतिकशास्त्राच्या कितीतरी पीएचडी फेराइटवर होतात. सोल-जेलने फेराइट बनवायचं, लोखंडाच्या जागी थोडं कोबाल्ट, मग थोडं निकेल, एक्सआरडी काढायचा, मॅग्नेटायझेशनचा आलेख काढायचा, पेपर. विषय वाईट नाही. रसायनं स्वस्त, भट्टी विभागात असते, म्हणून तो रुजला. पण ‘का’ हा प्रश्न त्यात बरेचदा विचारलाच जात नाही, आणि त्याच पद्धतीचे शेकडो पेपर असताना बाहेरचा प्राध्यापक तुमचाच का उघडेल? मीही त्याच घरातली. फेराइटच्याच जातीच्या, स्पिनेल रचनेच्या क्रोमाइटवर मी काम केलं. कोबाल्ट क्रोमाइट साधारण ९४ केल्विनखाली चुंबकीय होतं आणि २६ केल्विनच्या आसपास त्याच्यातल्या चुंबकीय दिशा शंकूसारख्या फिरू लागतात. इतकं खाली जायला द्रव हेलियम लागतो आणि ते आमच्या विभागात नव्हतं. म्हणून इंदूरला जावं लागलं, यूजीसी-डीएई कन्सोर्शियमच्या प्रयोगशाळेत. ही संस्था विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच आहे. अर्ज करायचा, वेळ मिळते, जाऊन मोजायचं. त्याहून पुढे, इटलीत त्रिएस्तजवळ एलेट्रा आणि हॅम्बुर्गला पेट्रा-३ या सिंक्रोट्रॉनवर भारताच्या भागीदारीतून भारतीय संशोधकांना प्रयोगाची वेळ मिळते. हे माहीत असलेल्या विभागातली मुलं पीएचडी संपण्याआधीच चार परदेशी माणसांना ओळखत असतात. माहीत नसलेल्या विभागातली मुलं ६३ पत्रं पाठवत बसतात.

म्हणजे ओळखीने होतं का सगळं? हो, बऱ्याच अंशी ओळखीनेच होतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. दोन वर्षं ज्याच्या हातात लाखो युरोचं उपकरण द्यायचं, त्याच्याबद्दल कोणा विश्वासू माणसाने काही सांगावं, ही अपेक्षा रास्त आहे. अन्याय पुढे सुरू होतो. टीआयएफआर किंवा आयआयएससीमधल्या मुलासाठी त्याचा गाइड उठून फोन करतो. आमच्याकडे गाइड म्हणतो, "तूच लिहून आण, मी सही करतो."

मला हेच सांगितलं गेलं. मी रात्री बसून स्वतःचं शिफारसपत्र लिहिलं. स्वतःचं कौतुक करायची सवय नसलेली मुलगी काय लिहिणार? ही विद्यार्थिनी कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर आणि आज्ञाधारक आहे. सरांनी न वाचता सही केली. वर्षभरानंतर माझ्या फ्रेंच बॉसने हसत हसत सांगितलं, की ते पत्र वाचून त्याने जवळजवळ नकारच दिला होता. आज्ञाधारक? म्हणजे हिला स्वतःचं डोकं आहे की नाही? मला वाचवलं ते दुसऱ्या पत्राने. इंदूरच्या एका शास्त्रज्ञांनी दोनच परिच्छेद लिहिले होते. एका रात्री दोन वाजता हेलियम संपत आलेला, अजून तीन तापमानं मोजायची बाकी, आणि या मुलीने यादीतली दोन सोडून नेमकं कुठलं एक मोजायचं हे कोणालाही न विचारता ठरवलं, आणि ते बरोबर ठरलं. बस एवढंच. आज्ञाधारकच्या नेमकं उलट.

ही पत्रं गोपनीय असतात. ती थेट प्राध्यापकाकडे किंवा अकॅडेमिक जॉब्स ऑनलाइनसारख्या पोर्टलवर जातात, उमेदवाराला दिसत नाहीत. बाहेर त्यांना एवढं वजन आहे ते त्यामुळेच. आपल्याकडे ती ‘बोनाफाइड’सारखी समजली जातात, शिक्का मारून हातात दिली जातात. आमच्या विद्यापीठात पाच-पाच विद्यार्थ्यांची पत्रं शब्दन्‌शब्द सारखी जात असत, फक्त नाव वेगळं. ती पाचही एकाच माणसापर्यंत पोचली तर पाचही बाद. गाइड वाईट माणसं असतात असं नाही. त्यांच्यासाठीही कोणी कधी खरं पत्र लिहिलेलं नसतं, आणि नॅकच्या फायली, परीक्षांची कामं, भरती बंद असल्याने चौघांचं ओझं एकाच्या डोक्यावर. तरीही माझं म्हणणं आहे, की पीएचडीचा गाइड म्हणून नाव लावायचं, पेपरवर नाव लावायचं, पदोन्नतीत ते मोजायचं, तर दोन पानांचं पत्र हे त्या कामाचाच भाग आहे. विद्यार्थ्यावरचा तो उपकार नाही.

दुसरी गोष्ट प्रबंधाच्या वाटेची. माझा प्रबंध जून २०१४ला दिला, व्हायवा झाली मार्च २०१५मध्ये. नऊ महिने. परीक्षकांपैकी एकाचा अहवाल येत नव्हता आणि विद्यापीठातला टेबलवरचा माणूस म्हणे, वाट बघा. बाहेरच्या वेळापत्रकाला आपली वाट बघणं कळत नाही. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपची मुदत दरवर्षी सप्टेंबरात असते आणि त्या दिवशी डॉक्टरेट हातात असावी लागते. खगोलशास्त्रात अमेरिकेतल्या जागांचे अर्ज हिवाळ्याच्या सुरुवातीला जातात आणि १५ फेब्रुवारीच्या आत उमेदवारावर उत्तरासाठी दबाव आणायचा नाही, असा संकेत आहे. एक हंगाम चुकला की वर्ष गेलं. आणि तीस वर्षांच्या मुलीचं वर्ष जातं तेव्हा घरात काय होतं, ते या मासिकाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. आमच्याकडे दर ईदला फुप्फी विचारायची, "अजून शिकतेच आहे का?" ती नोकरी आहे, हे तिला पटवायला मला पगाराची पावती दाखवावी लागली.

फेलोशिपांपैकी ज्यांना हंगाम नाही अशाही आहेत. जर्मनीच्या हम्बोल्ट फाउंडेशनकडे वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो. पीएचडी होऊन चार वर्षं झालेली नसावीत आणि जर्मनीतला यजमान प्राध्यापक आधी मिळवायचा. देशवार किंवा विषयवार कोटा नाही. जपानच्या जेएसपीएस फेलोशिपमध्ये अर्ज यजमान प्राध्यापकच आपल्या संस्थेमार्फत करतो, पीएचडीनंतर सहा वर्षांपर्यंत चालतं, आणि महिन्याला ३,६२,००० येन मिळतात. मारी क्युरीला एक अट लोक विसरतात: ज्या देशात जायचं, तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे नव्याने बाहेर पडणाऱ्याला ती सोयीचीच. या सगळ्यांत पहिली पायरी एकच, यजमान शोधणं. तो आधी पेपरांतून शोधायचा, जाहिरातींतून नंतर. जाहिरातींसाठी युरॅक्सेस आणि जॉब्ज डॉट एसी डॉट यूके ही पानं आठवड्यातून एकदा बघितली तरी पुरे.

मला जागा मिळाली ती पत्रातून नाही, पोस्टरसमोर. डिसेंबर २०१४मध्ये एका परिषदेत मी पोस्टर लावून उभी होते. एका फ्रेंच शास्त्रज्ञाने आलेखातल्या एका छोट्या शिखराकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? मला माहीत नव्हतं. माझ्या बाजूच्या मुलाने मला हळूच सुचवलं, ‘इम्प्युरिटी’ म्हण. मी म्हटलं, माहीत नाही, दोनदा नमुना नव्याने बनवला तरी येतंच. तो अर्धा तास थांबला. मेमध्ये त्याचं पत्र आलं, दोन वर्षांच्या जागेचं, ग्रेनोबलला. त्या शहरात न्यूट्रॉनची ती मोठी अणुभट्टी आहे जिथे जगभरातून लोक असल्या चुंबकांचा अभ्यास करायला येतात. आणि ते शिखर इम्प्युरिटीच निघालं, हे नंतर कळलं.

मे ते ऑक्टोबर मात्र कागदांत गेले. फ्रान्समधल्या काही प्रयोगशाळांत शिरण्याआधी संरक्षणविषयक तपासणी होते, तिला दोन महिने लागू शकतात. अमेरिकेतही भौतिकशास्त्रवाल्यांचे व्हिसा ‘प्रशासकीय प्रक्रियेत’ आठवडेच्या आठवडे अडकतात, आणि ब्रिटनमध्ये २०२१पासून पोस्टडॉकलाही एटास नावाचं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. थांबलेले ते दोन महिने अब्बांनी एकच प्रश्न विचारला, तोही एकदाच: "नावामुळे असेल का?" त्याच प्रयोगशाळेत येणाऱ्या, माझ्यासारखं नाव नसलेल्या एका भारतीय मुलाला माझ्याहून आठ दिवस जास्त लागले, हे मी त्यांना नंतर सांगितलं. पण तो प्रश्न डोक्यात येतो आणि मुलाखतीला जाताना तो आपल्यासोबत येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी पोचले ऑक्टोबर २०१५मध्ये. १३ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये हल्ले झाले. सोमवारी सकाळी बॉस माझ्या टेबलाशी आला, कॉफी ठेवली, आणि म्हणाला, संध्याकाळी एकटी घरी जायचं नसेल तर सांग. मी एकटीच गेले. रस्त्यात कोणी काही बोललं नाही. ग्रेनोबलमध्ये मूळ अल्जीरिया-ट्युनिशियाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. हलाल खाटीक कोपऱ्यावर होता, तूरडाळ मात्र दोन ट्राम बदलून मिळायची.

पैशाचं सांगते, कारण मुली इथे अडतात. पगार मिळणार हे खरं, पण पहिला पगार महिन्याने. त्याआधी व्हिसाची फी, तिकीट, थंडीचे कपडे, घराची अनामत आणि पहिलं भाडं. माझे पावणेदोन लाख लागले. आमच्या भागात शिक्षणासाठी मदत करणारा एक ट्रस्ट आहे, एमबीबीएस आणि इंजिनीअरिंगच्या कितीतरी मुलांना त्याने उभं केलं. मी तिथे गेले. अर्जात रकाने होते: अभ्यासक्रमाचे नाव, कालावधी, मिळणारी पदवी. तिथले चाचा म्हणाले, "पदवी नाही तर शिक्षण कसलं? आणि पगार मिळणार तर मदत कशाला?" त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं. शेवटी मामूंनी एक लाख दिले आणि उरलेले एका मैत्रिणीने. मार्चपर्यंत मी दोघांचे फेडले.

माझी सूचना इथेच आहे, आणि ती ट्रस्ट चालवणाऱ्यांसाठी आहे. देणगी नको. अर्जात एक रकाना वाढवा: परदेशातील संशोधनाची नोकरी. नियुक्तीपत्र बघून दीड-दोन लाखांचं बिनव्याजी कर्ज द्या, सहा-आठ महिन्यांत परत घ्या. क़र्ज़-ए-हसना ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. एका मुलीने फेडलं की तेच पैसे दुसरीला. पाच लाखांच्या गंगाजळीवर वर्षाला चार मुली जाऊ शकतात, आणि पैसे तिथेच राहतात.

सरकारकडून अपेक्षा ठेवायची, तर ती पीएचडीच्या टप्प्यावर ठेवली पाहिजे, कारण गळती तिथेच होते. २००९मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप डिसेंबर २०२२मध्ये बंद केल्याचं लोकसभेत सांगितलं गेलं. कारण दिलं, की इतर फेलोशिपांशी ती एकमेकांवर चढते. ज्याला नेट-जेआरएफ मिळतं त्याला काही फरक पडला नसेल. बाकीच्यांचं काय झालं, ते मी बघते आहे. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवायचं, उरलेल्या वेळात पीएचडी. सहा-सात वर्षं लागतात, पेपर एखादा निघतो, इंदूरला जायला रजा मिळत नाही. अशा मुलाचा अर्ज ग्रेनोबलच्या टेबलावर पडला तर मीसुद्धा तो बाजूला ठेवला असता. ठेवलेही आहेत.

कोणी विचारेल, बाहेर जायचंच कशाला? हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. अब्दुस सलाम १९५१ला केंब्रिजहून लाहोरला परतले, सरकारी कॉलेजात शिकवू लागले. संशोधनाला माणूस नाही, नियतकालिकं नाहीत, बोलायला कोणी नाही. कॉलेजने वर एक जादा काम निवडायला सांगितलं, तर त्यांनी फुटबॉल क्लब घेतला. १९५४मध्ये ते पुन्हा निघून गेले. देश किंवा भौतिकशास्त्र यांतलं एक सोडावं लागणं त्यांना इतकं लागलं, की १९६४मध्ये त्यांनी त्रिएस्तला आयसीटीपी उभं केलं. गरीब देशांतल्या लोकांनी यावं, काही महिने राहून काम करावं आणि आपल्या देशात परत जावं, हा त्यामागचा विचार. १९७९मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याआधीच, १९७४मध्ये, त्यांच्या देशाने त्यांच्या जमातीला गैरमुस्लिम ठरवलं होतं. तो विषय वेगळा, आणि लहान नाही. आयसीटीपी आजही चालू आहे, तिथे पोस्टडॉकच्या जागा निघतात आणि विकसनशील देशांतल्या शिक्षकांना ठरावीक वर्षांत पुन्हा पुन्हा येता यावं अशी असोसिएटची योजनाही आहे. आपल्या विद्यापीठांतले किती शिक्षक तिथे अर्ज करतात?

परत यायचं ठरवलं तर इन्स्पायर फॅकल्टी आहे, रामानुजन फेलोशिप आहे. जागा कमी आहेत. दोन पोस्टडॉक करून, चाळिशीला टेकून, शेवटी शाळेत किंवा बँकेच्या डेटा विभागात गेलेले हुशार लोक माझ्या ओळखीत आहेत. हे त्या मुलीला मी पहिल्याच फोनवर सांगितलं. बांगड्या वाचवायच्या तर पूर्ण हिशोब सांगायला हवा. शिवाय अमेरिकेचं वारं सध्या फिरलं आहे. तिथे २०२५मध्ये संशोधनाच्या निधीला कात्री लागली, आणि सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी आली. पोस्टडॉक बहुतेक जे-१वर जातात, तरी ज्या विद्यापीठाकडे पैसेच नाहीत ते जे-१वरही कोणाला बोलावणार नाही. तिला मी म्हटलं, तू युरोप आणि जपानकडे बघ.

तिचं काम फेराइटवरचंच आहे. पण त्यात एक चांगली गोष्ट निघाली: तिच्या एका मालिकेत चुंबकत्व अपेक्षेच्या उलट दिशेला जातं, आणि ते तिने प्रबंधात शेवटच्या प्रकरणात, दोन ओळींत, जणू माफी मागत लिहिलं आहे. मी तिला त्यावरच एक पान लिहायला लावलं. जर्मनीतल्या एका गटाचे सहा पेपर तिने जुलैत वाचले. पत्र १७० शब्दांचं झालं, त्यात ‘कष्टाळू’ नाही. ते गेलं, आणि पाचव्या दिवशी उत्तर आलं: जाहिरात निघते आहे, मुदत १५ सप्टेंबर, तीन शिफारसपत्रं.

दोन पत्रांची सोय झाली. तिसरं गाइडचं. सर म्हणाले, "तूच लिहून आण." तिने माझ्या सांगण्यावरून पत्र नेलं नाही, एक यादी नेली: कुठल्या वर्षी कुठलं उपकरण तिने एकटीने दुरुस्त केलं, कुठली चूक तिने स्वतः पकडली, कुठल्या पेपरातला कुठला आलेख तिचा. सरांनी यादी दोनदा वाचली. "हे सगळं तूच केलंस?" म्हणाले, आणि कागद खिशात ठेवला.

आज ६ सप्टेंबर. पत्र अजून गेलेलं नाही. तिचं म्हणणं, आणखी एकदा सांगितलं तर सर रागावतील. सोमवारी मी फोन करणार आहे.